गणपतीपुरतं बंद

घोडबंदर रोड, ठाणे
१२ ऑगस्ट २०२४

प्रिय सगुणाबाई,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याहून डोंबिवलीला पत्र पाठवणारा माणूस एकतर वेडा असतो किंवा घोडबंदर रोडला राहत असतो. माझ्या बाबतीत दुसरं नक्की खरं आहे, पहिल्याबद्दल आमच्या सूनबाईंना, रुचिताला विचारा. इथून तुमच्याकडे यायला निघालो तर पत्र तुमच्या हातात पडेल आणि मी अजून कापूरबावडीच्या सिग्नललाच असेन. शिवाय मोबाइलवर अंगठ्याने लिहिलेलं मला लिहिल्यासारखं वाटतच नाही. आपण एका शाळेत उभी हयात काढली, तुम्ही विज्ञान शिकवलंत, मी मराठी आणि नंतर मुख्याध्यापकी, तेव्हा माझे हट्ट तुम्हाला नवे नाहीत.

बातमी अशी की आमच्या 'लेकव्ह्यू' सोसायटीचा मी पुन्हा सेक्रेटरी झालो. बिनविरोध. म्हणजे दुसरं कुणी तयारच नव्हतं, पण तेवढं सोडून द्या. सुदेश म्हणतो, "बाबा, निवृत्तीनंतर लोक आराम करतात." रुचिता म्हणते, "करू दे रे त्यांना, घरात तरी शांतता राहते."

खरं श्रेय मात्र तुमचं आहे. गेल्या वर्षी आमचा एसटीपी, म्हणजे तळघरातला सांडपाण्याचा प्लांट, नुसता घाण मारत होता. तुम्ही एका रविवारी आलात, पदर खोचून टाकीच्या कडेवर उभ्या राहिलात आणि सगळ्या कमिटीला ऐकवलंत की हे यंत्र नाही, हे विरजण आहे. आत जिवंत जंतू आहेत, त्यांना रोज हवा लागते, रोज खाणं लागतं, ते जगले तरच घाण पाणी निवळतं. तो दिवस आणि आजचा दिवस. निम्मं पाणी आम्ही पुन्हा फ्लशला वापरतो, उरलेलं नाल्याने तुमच्या माहेरच्या तलावात जातं, आणि स्वच्छ जातं. परवा तलावावर फिरायला गेलो तर तुमच्या आईंनी अडवून घरी नेलं आणि तलावातल्या जिताडा माशाचं कालवण वाढलं. म्हणाल्या, "मास्तर, तुमचे टावरचा पानी आता चांगला येते." एवढा मान मला शिक्षकदिनालाही मिळाला नव्हता.

आता एक गंमत. गणपती जवळ आले आणि काही सभासद आले तक्रार घेऊन. घरात देव असताना फ्लशच्या टाकीत 'ते' पाणी नको म्हणतात. कितीही निवळलं तरी मूळ कुठलं, हा त्यांचा सवाल. दहा दिवस टँकरचं गोडं पाणी द्या म्हणतात. काय करावं?

आपला,
तानाजी जगदाळे

———

डोंबिवली (पूर्व)
२० ऑगस्ट २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी एकटीच हसत बसले. संडासात सोवळं पाळणारी माणसं मी पहिल्यांदाच ऐकली. पण देवाच्या नावावर कोण कुणाशी भांडणार? द्या त्यांना टँकरचं पाणी. फ्लशमध्ये गंगाजल ओता म्हणाले तरी ओता, माझी हरकत नाही.

फक्त एक ऐका. प्लांट बंद करू नका. फ्लशला पाणी घेतलं नाही तरी तुमच्या सगळ्या मजल्यांचं सांडपाणी त्या टाकीत येतच राहणार. ब्लोअर थांबला, हवा थांबली की आतलं सगळं गुदमरून मरतं. दोन-तीन दिवसांत मरतं, दहा दिवस तर लांबच. मग नंतर बटण दाबून ते जिवंत होत नाही. तुमच्या कमिटीत कुणीतरी नक्की म्हणणार की पाणी वापरतच नाही तर वीज कशाला जाळा. त्याला आधीच गप्प करा.

सर, तुम्हाला तो तलाव फिरायला बरा वाटतो. आमच्याकडे आता तेवढाच उरलाय. शेतं गेली, मिठागरं गेली. फुकट गेली असं नाही, आमच्या लोकांनी विकली, बंगले बांधले, गाड्या घेतल्या, ते मी कशाला नाकारू? पण तलाव गावाने कुणाला दिला नाही. माझा भाऊ गोविंदा आणि गावातली पाच-सहा घरं त्याच्यातल्या माशांवर आहेत, कडेला भाजी करतात. आणि आई. तिला सकाळी उठून तलावावर गेल्याशिवाय चहा गोड लागत नाही. तुमच्या नळाचं तोंड त्या तलावात आहे, एवढं ध्यानात असू द्या.

तुमची,
सगुणा भोईर

———

घोडबंदर रोड, ठाणे
२९ सप्टेंबर २०२४

प्रिय सगुणाबाई,
सप्रेम नमस्कार.

उत्तराला उशीर झाला, गणपतीत श्वास घ्यायला फुरसत नव्हती. यंदाची आरास पाहायला हवी होतीत. साधा कागद आणि बांबू, थर्माकोलचा एक तुकडा नाही. 'पर्यावरणपूरक उत्सव' म्हणून आम्हाला ढालही मिळाली. समारंभात मी चार शब्द बोललो आणि त्यात तुमचं ते विरजणाचं उदाहरण वापरलं. टाळ्या पडल्या, तेव्हा मनात म्हटलं, या निम्म्या डोंबिवलीला पाठवायला हव्यात.

प्लांटबद्दल तुम्ही बजावलं होतंत. मी कमिटीत मांडलं, अगदी तुमच्या शब्दांत मांडलं. पण मतं पडली. पाणी वापरायचंच नाही तर गणपतीपुरतं बंद ठेवू, विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सुरू करू, असं ठरलं. बहुमतापुढे सेक्रेटरी काय करणार? बंद म्हणजे विश्रांती समजा. माणसंही सुटी घेतात.

सुरू केल्यावर थोडा त्रास झाला, हे तुमच्यापासून लपवत नाही. फेस आला, वास आला. प्लांट सांभाळणारा राजरत्न म्हणाला, शेजारच्या सोसायटीच्या प्लांटमधून टँकरभर गाळ आणून टाकीत सोडा, तेच नवं विरजण. मी मान डोलावली. पण सभेत एकच गदारोळ झाला. दुसऱ्यांची घाण आपल्या आवारात आणायची? कोण कुठले लोक, काय खाणारे? एक बाई तर म्हणाल्या, आपली घाण निदान आपली तरी आहे. हसू नका, मीही हसलो नाही. राजरत्न सभेत तावातावाने बोलला, ते लोकांना आवडलं नाही. त्याचं कंत्राट संपवलं. आता दुसरा माणूस आलाय. तो कसलीशी पावडर टाकतो, म्हणतो हळूहळू लागेल.

तुम्ही काळजी करू नका.

आपला,
तानाजी जगदाळे

———

डोंबिवली (पूर्व)
१४ ऑक्टोबर २०२४

सर,

आईचा फोन आला होता. "सगुने, तलयाचा पानी काला जायला गो. मासं उलटं होऊन वर आयलं." गोविंदाने टोपल्या भरभरून मेलेले मासे काढले आणि पुरले.

पावडरीने विरजण लागत नाही. मी आठवीच्या मुलांना शिकवायचे तसं पुन्हा सांगते: मेलेल्या टाकीत ब्लोअर चालवणं म्हणजे रिकाम्या पातेल्यात डाव फिरवणं. आवाज होतो, आत काही होत नाही.

मला एकच गोष्ट सरळ लिहा. तुमचा प्लांट चालू आहे की नाही?

सगुणा

———

घोडबंदर रोड, ठाणे
५ नोव्हेंबर २०२४

प्रिय सगुणाबाई,
दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा.

तुमच्या पत्राचा सूर जरा चढा होता, पण माहेरचा प्रश्न असल्यावर तसं व्हायचंच. मला राग आला नाही. प्लांट चालू आहे. सकाळी फिरायला निघतो तेव्हा तळघरातून ब्लोअरचा आवाज येतो, मी स्वतः ऐकतो.

तलावाचं म्हणाल तर मी सुदेशशी बोललो. त्याचं म्हणणं, गावातले प्लास्टरचे गणपती त्याच तलावात बुडवतात, रंग उतरतात, निर्माल्य कुजतं, त्याचाच हा परिणाम असणार. शिवाय गावाला तरी कुठे गटारं आहेत? मी गावाला नावं ठेवत नाही, पण सगळाच दोष आमच्या नळावर ढकलणंही बरं नाही. तुम्ही विज्ञानाच्या, तुम्हीच मुलांना सगळ्या बाजू तपासायला शिकवायचात.

इकडे आमचेही हाल आहेत. तलावाच्या बाजूच्या खिडक्या उघडता येत नाहीत. 'लेकव्ह्यू' म्हणून घेतलेली घरं, आणि लोक त्या बाजूला जाड पडदे लावून बसलेत. डासांनी उच्छाद मांडलाय, बी विंगमध्ये दोन मुलांना डेंगू झाला. शेवटी सभासदांच्या सह्यांनिशी वॉर्डात अर्ज दिला. मसुदा मीच केला. तुमच्या माहेरच्या लोकांचं आरोग्य हाही मुद्दा मी आवर्जून घातला. साहेबांनी भाषेची तारीफ केली. आता त्या तलावाचं काहीतरी कायमचं होईल आणि सगळ्यांचं भलं होईल.

फराळाला या. रुचिताने यंदा शेव चांगली केली आहे.

आपला,
तानाजी जगदाळे

———

डोंबिवली (पूर्व)
८ डिसेंबर २०२४

आदरणीय सर,
नमस्कार.

फराळाला आले नाही, पण येऊन गेले. तुमच्या गेटवरून पुढे गेले, तुम्हाला हाक मारली नाही. गोविंदा आणि मी तलावापासून नाल्याच्या काठाने वर चालत गेलो. गाव मागे राहिलं, झाडं संपली, तुमची भिंत आली. त्या भिंतीतून जो पाइप निघतो त्याच्याशी जाऊन उभे राहिलो. त्यातून काय येतं ते मी या पत्रात लिहिणार नाही, तुम्ही जेवायला बसण्यापूर्वी वाचत असाल. पाइपच्या वरच्या बाजूला नाल्याचं पाणी साधं गढूळ आहे. पाइपच्या खाली ते काळं आहे. याच्यात सगळ्या बाजू तपासण्यासारखं काही नाही. गावाने गणपती माझ्या आजीच्या आधीपासून त्या तलावात पोचवलेत आणि मासे मरण्याची ही पहिलीच वेळ आहे.

आता तुमच्या अर्जाचं ऐका. त्याच्यावर नोटीस निघाली. तलाव म्हणजे 'दुर्गंधीयुक्त निरुपयोगी डबकं', तो बुजवून तिथे उद्यान करायचं. 'निरुपयोगी' हा शब्द तुमचाच ना? फेब्रुवारीत सुनावणी आहे. गावात माणसं सुन्न झालीत. ज्यांनी घाण सोडली त्यांनीच वासाची तक्रार केली, आणि शिक्षा तलावाला.

सर, मी भांडायला लिहीत नाही. भांडून झालं असतं तर मी तुमच्या गेटवरच भांडले असते. एक मागणं आहे. सुनावणीला या आणि सेक्रेटरी म्हणून एवढंच सांगा की आमचा प्लांट सप्टेंबरात बंद पडला, पाणी आमचं आहे, आम्ही प्लांट नीट करतो. तेवढ्याने तलाव वाचतो. घाण थांबली की तलाव वर्षा-दोन वर्षांत स्वतःच सुधारतो, एवढा जीव त्याच्यात आहे. आम्ही गावाकडून कितीही ओरडलो तरी आगरी लोक जमिनीसाठी ओरडतात असंच ऐकणाऱ्याला वाटतं. टॉवरमधल्या निवृत्त मुख्याध्यापकाचं एक वाक्य आमच्या शंभर सह्यांपेक्षा जड आहे. मला हे लिहिताना आवडत नाही, पण तसं आहे.

वकील द्यायचा का म्हणून गोविंदा विचारतोय. मी म्हटलं, आधी सरांचं उत्तर येऊ दे.

तुमची,
सगुणा

———

घोडबंदर रोड, ठाणे
१९ जानेवारी २०२५

प्रिय सगुणाबाई,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र मी अनेकदा वाचलं. उत्तर लिहायला बसायचो आणि उठायचो. आयुष्यभर मुलांना निबंध लिहायला लावले, पण काही विषय सुचून सुचत नाहीत.

तुमच्या मनाची तगमग मला पोचली. तुमच्या आईंच्या हातचं मी जेवलो आहे, ते मीठ मी विसरलो असं तुम्हाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. सुनावणीला मी जातीने हजर राहीन. दुसऱ्या कुणाला पाठवणार नाही. आणि तिथे जे योग्य आहे तेच बोलेन. तत्त्वाच्या बाजूला उभं राहण्याची सवय या वयात सुटत नाही.

घरात थोडी कुरबुर आहे, ती असायचीच. सोसायटीत मला काही लोकांनी लिफ्टमध्ये गाठून विचारलं, तुम्ही नक्की कुणाचे? मी म्हटलं, मी सत्याचा. निश्चिंत असा.

आपला,
तानाजी जगदाळे

———

डोंबिवली (पूर्व)
२७ जानेवारी २०२५

आदरणीय सर,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी भाकऱ्या करत होते. तव्यावरची करपली तरी वाचत उभी होते. नंतर घरच्यांना करपलेली वाढली आणि वर सांगितलं, आज हीच खा, आज आनंद आहे.

मी मनात तुमच्याबद्दल काय काय बोलले होते, ते सगळं मागे घेते. गोविंदाला फोन केला, म्हटलं वकील नको, वकील आला की समोरचाही वकील आणणार आणि मग नुसत्या तारखा. सर स्वतः बोलणार आहेत. तो म्हणाला, "ताई, तुजा भरोसा हाय ना? मंग आमचा पन हाय." आईला सांगितलं तेव्हा ती लगेच शेजारीपाजारी सांगून आली. गावात आता तुम्हाला सगळे 'आपलं मास्तर' म्हणतात. सुकटीची पुडी पाठवते आहे. रुचिताला वास चालणार नसेल तर बाल्कनीत ठेवून खा.

सुनावणीच्या दिवशी मीही येणार आहे. मागच्या बाकावर बसेन, शाळेच्या तपासणीला बसायचे तशी.

तुमची,
सगुणा

———

घोडबंदर रोड, ठाणे
२ मार्च २०२५

प्रिय सगुणाबाई,

सुनावणीनंतर तुम्ही तडक निघून गेलात. मी जिन्यापर्यंत मागे आलो होतो. तेव्हा समोर बोलता आलं नाही ते लिहितो.

मी एकही शब्द खोटा बोललो नाही. तलाव आज मृत आहे, हे मी म्हणालो. ते खरं आहे. त्याच्या कडेला उभं राहवत नाही, मुलं आजारी पडतात, हेही खरं आहे. साहेबांनी विचारलं, हे पाणी येतं कुठून, तेव्हा तो तज्ज्ञांचा विषय आहे असं मी म्हणालो. मी मराठीचा माणूस. भर कार्यालयात तांत्रिक विधान करण्याचा मला काय अधिकार?

तुम्हाला माझी बाजूही कळायला हवी. प्लांट बंद आहे असं सेक्रेटरीच्या तोंडून नोंदलं गेलं असतं तर सोसायटीवर कारवाई झाली असती. साडेतीनशे कुटुंबं आहेत. त्यांनी सुदेशचं आणि रुचिताचं तिथे राहणं मुश्कील केलं असतं. आदल्या संध्याकाळी सुदेश माझ्यासमोर बसून म्हणाला, "बाबा, तुम्ही बोलून मोकळे व्हाल. इथे राहायचंय आम्हाला." मुलाच्या घरात राहणाऱ्या बापाला यावर काय बोलता येतं, ते तुमच्यासारख्या स्वतःच्या घरात राहणाऱ्या बाईला कळणं कठीण आहे.

उद्यान चांगलं होणार आहे. मी नकाशा पाहिला. ज्येष्ठांसाठी कट्टा आहे. त्यातल्या एका बाकावर तुमच्या आईंचं नाव घालावं अशी सूचना मी लेखी दिली आहे, आणि ती मान्य होईल असं दिसतं.

मनात काही ठेवू नये. आपली एवढ्या वर्षांची ओळख आहे.

तानाजी जगदाळे

———

डोंबिवली (पूर्व)
२४ जुलै २०२५

सर,

तुमच्या मार्चच्या पत्राला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. त्यानंतर तुमचं एक कार्डही आलं, उद्यानाच्या भूमिपूजनाचं. आता लिहिते, कारण यापुढे तुम्ही लिहू नये म्हणून लिहावं लागतंय.

सुनावणीला मी मागच्या बाकावर होते. साहेब वाईट नव्हते. त्यांनी तुमच्याकडे पाहून विचारलं, "सर, तुम्ही तिथे रोज फिरता. हे पाणी येतं कुठून?" त्या खोलीत त्या क्षणी सगळं तुमच्या हातात होतं. गोविंदा उभा राहिला होता, तुमचं उत्तर नीट ऐकू यावं म्हणून. तुम्ही चष्मा काढलात, पुसलात आणि म्हणालात, तो तज्ज्ञांचा विषय आहे. टाकीच्या कडेवर उभं राहून मी तुम्हाला तो विषय शिकवला होता. ढाल मिळाली तेव्हा तुम्ही तज्ज्ञ होतात. माझ्या उदाहरणावर टाळ्या घेतल्या तेव्हाही होतात.

मुलाच्या घरात राहणं काय असतं ते मला कळत नाही, असं तुम्ही लिहिलंत. नसेल कळत. पण तुम्ही बोलला असतात आणि सुदेशने तुम्हाला बाहेर काढलं असतं, तर माझ्या आईने तुम्हाला ओटीवर नाही, माजघरात जागा दिली असती. हे मी शोभेसाठी लिहीत नाही. तिने तेव्हा दिलीच असती.

एप्रिलमध्ये डंपर आले आणि मे संपायच्या आत तलाव बुजला. पण तुमच्या पाइपचं तोंड कुणी बुजवलं नाही. ते पाणी जायचं कुठे? पाऊस सुरू झाला आणि नाला उलटा फिरून गावात शिरला. खालच्या आळीतली घरं, त्यात आमचं. चुलीपाशी, देवाच्या पाटाखाली, तांदळाच्या कणगीत, सगळीकडे तुमच्या टॉवरचं पाणी. तुमच्या लोकांना दहा दिवस फ्लशच्या टाकीतही जे चालत नव्हतं ते, आणि तेही न निवळलेलं. गोविंदाने दोनदा घर धुतलं. तिसऱ्यांदा पाणी आलं तेव्हा त्याने बादली ठेवून दिली आणि बिल्डरला फोन केला. खालच्या आळीने सगळ्यांनी मिळून सह्या केल्या. त्यांचा माणूस आला होता तो म्हणत होता, इथूनही चांगला व्ह्यू येईल, समोर गार्डन आहे.

मी गोविंदाला वकील देऊ दिला नाही. तुमच्या एका पत्रावर विसंबून मी त्याला अडवलं. तो मला एका शब्दाने बोलला नाही, आणि राखीला ये म्हणाला. त्याच्या घरी आता मी कुठल्या तोंडाने जाऊ, ते मला कळत नाही. तुमचा राग मला येतोच, पण त्याहून जास्त मला स्वतःची चीड येते. 'योग्य तेच बोलेन' एवढंच लिहिलं होतंत तुम्ही. काय बोलणार, ते कुठेच लिहिलं नव्हतंत. बाकीचं मी माझ्या पदरचं घालून वाचलं.

आता आईचं. सुनावणीच्या चार दिवस आधी तिच्या अंगावर पुरळ उठलं, पोट बिघडलं, म्हणून तिला मी इकडे आणलं. ती अजून माझ्याकडेच आहे. तलाव बुजवलेला तिने पाहिला नाही. घरात पाणी शिरलं ते तिला माहीत नाही. सह्या झाल्या ते माहीत नाही. सुनावणीचं काय झालं म्हणून तिने विचारलं तेव्हा माझ्याने सांगवेना. मी म्हटलं, तारीख पुढे गेली. तेव्हापासून ती पुढेच जाते आहे. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन ती खिडकीशी बसते आणि विचारते, "तारीख लागली का गो?" मी नाही म्हणते. मग ती मलाच धीर देते. "मास्तर हाय ना, बोल्ल तो. तू कशाला घाबरतंस?" मी म्हणते, हो आई, बोलतील.

तुमचं भूमिपूजनाचं कार्ड आलं ते तिने पोस्टमनकडून स्वतः घेतलं. तिला वाचता येत नाही, पण तुमचं अक्षर तिला आता ओळखू येतं. "मास्तरचा हाय ना? वाच," म्हणून माझ्यासमोर बसली. मी कार्ड उघडलं आणि वाचून दाखवलं, की सर विचारतात, आईंची तब्येत कशी आहे, आणि तलावाची काळजी करू नका. ती खूश झाली. दोन घास जास्त जेवली.

म्हणून सांगते, यापुढे पत्र पाठवू नका. आलं की ती पुन्हा समोर येऊन बसणार, आणि तुमच्या नावाने मला पुन्हा काहीतरी चांगलं बोलावं लागणार.

सगुणा भोईर